दोन फुटी टाकी, कुरतडलेले गप्पी आणि सासूबाईंचे नऊ गोल्डफिश

खिडकीतली_मनी:
नमस्कार मंडळी, लेकाच्या वाढदिवसाला फिशटँक आणला, २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच. दुकानदार म्हणाला सगळे एकत्र राहतात हो ताई, बिनधास्त न्या, आणि ६ गप्पी, ४ टायगर बार्ब, रुपयाच्या नाण्याएवढे २ एंजल, २ गोल्डफिश आणि काच साफ करायला १ सकर असे पिशव्यांत भरून दिले. आज बारावा दिवस. ३ गप्पी गेले, उरलेल्यांच्या शेपट्या उंदराने पडदा कुरतडावा तशा झाल्यात, एंजलचे खालचे लांब दोरे पण अर्धेच राहिलेत. लेक शाळेतून आला की दप्तर काढायच्या आधी मासे मोजतो, मला ते बघवत नाही.

त्यात सासूबाईंचं वेगळंच. त्यांच्या भिशीतल्या मैत्रिणीने सांगितलंय की वास्तूला ८ सोनेरी आणि १ काळा असे ९ मासे लागतात, तेव्हा आहेत ते काढून गोल्डफिशच आण म्हणतायत.

आम्ही नाशिकला, पाणी बोअरचं, नळावर पांढरा थर बसतो. मारामारी होणार नाही असे कुठले मासे ठेवू?

शेवाळराव:
ताई, दुकानदाराने तुम्हाला टाकी नाही कुस्तीचा आखाडा दिलाय :)

शेपट्या खाणारे टायगर बार्ब. ते दुष्ट नसतात, त्यांची खोडच तशी. ८-१० च्या थव्यात असले की बहुतेक वेळ आपापसात पाठलाग करण्यात जातो, ४ च असले की बाकीच्यांच्या मागे लागतात आणि लांब पंखवाला हळू मासा दिसला की त्यांना राहवत नाही. एंजल आज नाण्याएवढे आहेत पण वाढून तळहाताएवढे होतात, उंची तर त्याहून जास्त, आणि तोंडात मावेल ते गिळतात, म्हणजे आज बार्ब एंजलला त्रास देतात आणि सहा महिन्यांनी एंजल गप्पीच्या पिल्लांचा नाश्ता करतील. गोल्डफिशला पाणी गार लागतं, २० च्या आसपास, बाकीच्यांना २५, शिवाय तो ६-८ इंच होतो आणि घाण प्रचंड करतो. तुमच्या टाकीत हिशोबाने ५६ लिटर पाणी मावतं, खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर ४५-५० च धरा. त्यात ९ गोल्डफिश म्हणजे लोकल ट्रेन.

पण एक सांगा, टाकी भरून किती दिवसांनी मासे सोडले? गप्पी मेले ते फक्त चावण्याने असं मला वाटत नाही.

खिडकीतली_मनी:
त्याच संध्याकाळी सोडले. सकाळी भरली, दुकानदाराने निळं औषध दिलं होतं ते टाकलं.

शेवाळराव:
तेच. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. त्याचं आधी नायट्राइट (तेही विषारीच) आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात, पण ती वस्ती व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात. तुमच्या टाकीत ते अजून आलेच नाहीत आणि पहिल्याच दिवशी १५ जणांची पंगत बसली. आता खाणं एक दिवसाआड चिमूटभर, दोन दिवसांनी पाव टाकी पाणी बदला, आणि स्पंज नळाखाली खसाखसा धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा. अमोनियाचं टेस्ट किट मिळतं ते घ्या, निळ्या औषधापेक्षा ते कामाचं.

गोदाकाठी:
बार्ब, एंजल, गोल्डफिश सगळे परत करा, पैसे नाही मिळाले तरी करा. आणि सकर पण. तो काच साफ करतो हे खरं पण फुटभर किंवा जास्तच वाढतो. कंटाळा आला की लोक नदीत सोडतात, कृपा करून गोदावरीत सोडू नका. तो दक्षिण अमेरिकेतला आहे, आपल्याकडे गंगेत आणि इतर बऱ्याच ठिकाणी माजलाय, अंगावर काटे असल्याने कोळ्यांची जाळी फाटतात.

मग १० निऑन टेट्रा आणा. माझ्याकडे दोन वर्षं आहेत, एकदम शांत मासा.

शेवाळराव:
निऑन शांत आहेत हे १००% मान्य, पण पाणी बघा की हो दादा. नळावर पांढरा थर म्हणजे जड पाणी. निऑनला मऊ पाणी आवडतं. तुमच्याकडे महापालिकेचं धरणाचं पाणी असेल म्हणून टिकले. मासा निवडायच्या आधी आपलं पाणी बघायचं, उलट केलं की औषधं आणि पावडरी ओतत बसावं लागतं.

गोदाकाठी:
हो आमच्याकडे गंगापूर धरणाचं पाणी आहे. हे डोक्यातच नव्हतं आलं.

चिंगळी:
मला बोलू द्या, सासूबाईंचा प्रश्न कोणी घेतलाच नाही. ८ केशरी प्लॅटी आणि १ ब्लॅक मॉली आणा! नऊ झाले, आठ सोनेरी एक काळा, वास्तू खूश. प्लॅटी २ इंचाची, मॉली ३ इंचाची, दोघांनाही जड पाणी चालतं, कोणी कोणाला खात नाही आणि उरलेले ३ गप्पी त्यांच्यातच राहतील. मी माझ्या आईला असंच पटवलं होतं, तिला अजूनही ते गोल्डफिशचीच जात वाटतात आणि मी काही बोलत नाही.

शेवाळराव:
हाहा, झकास. फक्त नर-मादी बघून घ्या. पोटाखालचा मागचा पंख काडीसारखा टोकदार असला तर नर, पंख्यासारखा पसरट असला तर मादी. एका नराला दोन-तीन माद्या ठेवा नाहीतर नर माद्यांचा पिच्छा सोडत नाहीत. मादी दुकानातूनच गाभण येते, महिन्याभरात पिल्लं होतील, ती नको असतील तर सगळे नरच घ्या. आणि नऊ एकदम नको, अमोनिया शून्यावर आला की आधी ३, मग दर दोन आठवड्यांनी ३. डिसेंबरात नाशिकचा पारा १० च्या आसपास जातो, ५० वॅटचा हीटर लावा.

खिडकीतली_मनी:
सगळ्यांना खूप थँक्यू. दुकानदाराने बार्ब आणि एंजल घेतले, गोल्डफिश भिशीतल्या त्या मैत्रिणीकडेच गेले, तिच्याकडे ४ फुटी टाकी आहे. सकर कोणी घेत नाही, शोधतेय. कोणाला मोठ्या टाकीत हवा असेल तर सांगा, मी आणून देईन.

सासूबाईंना प्लॅटीचा फोटो दाखवला, म्हणाल्या रंग बरा आहे पण काळा मासा मीच निवडणार. लेकाने कॅलेंडरवर अमोनियाचे आकडे लिहायला सुरुवात केलीय, आज ०.५ आहे.