घोट्याच्या ऑपरेशननंतर घरी काय तयारी ठेवावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आईच्या उजव्या घोट्याचा सांधा पार झिजलाय, तो स्क्रू घालून कायमचा जोडायचं ठरलंय. ऑपरेशननंतर किमान 6 आठवडे त्या पायावर अजिबात भार द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. वय 68, त्यामुळे ऑपरेशनपेक्षा मला नंतरच्या दिवसांचीच जास्त काळजी वाटते.

पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा, टाच उशीवर न टेकवता पोटरीखाली आधार द्यायचा, हे समजलंय. पोटरी दुखून सुजली तर लगेच डॉक्टरांना कळवायचं आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत न्यायचं, हेही फ्रिजवर लिहून लावलंय.

अडतंय ते बाथरूमपाशी. दाराला चार बोटं उंबरा आहे. एका पायावर वॉकर उचलून तो कसा ओलांडायचा? आत्ताच सराव करून घेतोय, पण दुखरा पाय चुकून टेकतोच. कुणी तिथे रॅम्प बसवला आहे का? की सरळ कमोड खुर्ची खोलीतच ठेवावी? आईला ते मुळीच आवडणार नाही, पण पडण्यापेक्षा बरं.

गुडघा टेकवून ढकलायची स्कूटर या वयात झेपते का? तिचा तो गुडघाही कुरकुरतो. आणि वॉकर धरल्यावर दोन्ही हात अडकतात, मग पाण्याची बाटली, फोन, चष्मा जवळ कसे ठेवलेत?

ज्यांनी घरी असं आजारपण काढलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.