सूर अभ्यासायला माणसं कशाला लागतात? (लागतात!)

बिनतारी (धागाकर्ता)
परवा खर्ज_नाद यांनी लिहिलं : "संगीत म्हणजे सूर आणि लय, त्याचा अभ्यास कानाने करावा. कोण गातं, कशासाठी गातं ते समाजशास्त्रवाल्यांनी बघावं. एथ्नोम्युझिकॉलॉजी ही गाता न येणाऱ्यांची सोय आहे." शेवटच्या वाक्याने डोकं फिरलं (एथ्नोम्युझिकॉलॉजी म्हणजे संगीताचा, ते करणाऱ्या माणसांसकट अभ्यास), म्हणून वेगळा धागा.

इंडोनेशियातल्या बालीच्या गामेलानमध्ये, म्हणजे तिथल्या वाद्यवृंदात, वाद्यं जोडीने असतात. जोडीतलं एक मुद्दाम किंचित चढं लावतात. दोन्ही एकदम वाजली की आवाजात लाटा उठतात, आणि त्यांना हव्या असतात त्या लाटाच. नुसत्या कानाने ऐकणारा काय म्हणेल? 'बेसूर आहे, जुळवून आणा.' म्हणजे सूर लागलाय की नाही हेसुद्धा लावणाऱ्याला विचारल्याशिवाय कळत नाही. आणि हे आजचं फॅड नव्हे. एलिस या इंग्रज अभ्यासकाने १८८५ साली सप्तकाचे १२०० सेंट, म्हणजे १२०० सारखे बारीक भाग पाडले, देशोदेशीचे सूर मोजले आणि निसर्गाने ठरवून दिलेली एकच स्वरपंक्ती नसते असा निष्कर्ष काढला.

खर्ज_नाद
एलिसचं नाव तुम्हीच काढलंत, बरं झालं. या गृहस्थांना सुराचा कान नव्हता. ऐकायचं काम पियानोवाल्या हिपकिन्सने केलं. गाता न येणाऱ्यांची सोय म्हणालो ते काय चुकलं?

आणि पुढे काय झालं? याच विषयातल्या मेरियमने १९६४ मध्ये कल्पना, वर्तन आणि ध्वनी अशी तिपाई मांडली. त्यातला ध्वनीचा पाय आता मोडलाय. अख्खा शोधनिबंध वाचावा, त्यात चालीची एक ओळ नाही. लोकगीतं गोळा करणाऱ्या लोमॅक्सने तर आवळलेल्या गळ्याचा संबंध बायकांवरच्या लैंगिक बंधनांशी लावला. गळा बसला असेल हो एखादीचा!

तिरपी_तान
लोमॅक्सचं सोडून देते. त्याला वाचवण्यात अर्थ नाही.
पण ब्लॅकिंग हा अभ्यासक घ्या. तो १९५६ ते ५८ दक्षिण आफ्रिकेत वेंडा लोकांत राहिला. तिथे गाता येणं हे चालता-बोलता येण्यासारखं सगळ्यांचंच धरलेलं. 'याला कान आहे, त्याला नाही' ही वर्गवारी आपण करतो. मला आठव्या वर्षी क्लासमधून 'हिला जमणार नाही' म्हणून घरी पाठवलं होतं. तीस वर्षं मी बाथरूममध्येही गायले नाही. तेव्हा कोणाची सोय वगैरे मला सांगू नका.

मधली_सुट्टी
थोडं अवांतर. या अभ्यासकांबद्दल फार कौतुक चाललंय म्हणून सांगतो. माझ्या आजीच्या अंगाया एकाने दोन दुपारी बसून रेकॉर्ड केल्या. 'प्रत पाठवतो आजी' म्हणाला. आजी गेली, प्रत काही आली नाही. पुढे ती टेप एका संस्थेत असल्याचं कळलं. मागितली तर अर्ज करा, 'संशोधनाचा हेतू' लिहा. मी 'नातू' असं लिहिलं. उत्तर नाही.

बिनतारी
वाईट झालं, पण धाग्याचा विषय हा नाही.

मधली_सुट्टी
हाच आहे! माणसं महत्त्वाची म्हणता ना? मग माणूस मेल्यावर आवाज कोणाचा?

रानवाटा
+१. सॉलोमन बेटांवरच्या अफुनाक्वा नावाच्या बाईची अंगाई ह्यूगो झेंप या अभ्यासकाने १९७० मध्ये रेकॉर्ड केली. १९९२ मध्ये डीप फॉरेस्ट या फ्रेंच बँडने ती उचलून नाचायचं गाणं केलं. जगभर खपलं. पुढे नॉर्वेच्या एका सॅक्सोफोनवाल्याने तीच चाल 'पिग्मी' अंगाई म्हणून वाजवली. कुठे पिग्मींची मध्य आफ्रिका, कुठे प्रशांत महासागर!

पाणंद
मी स्वतः सहा वर्षं रेकॉर्डर घेऊन हिंडलोय, म्हणून हे झोंबलं. चोर ठरवून मोकळे झालात, पण टेप केलं नसतं तर आजीचा आवाज होता कुठे? फ्यूक्स या अमेरिकी अभ्यासकाने १८९० मध्ये पासामाक्वॉडी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर घेतली म्हणून ती उरली. अमेरिकेत १९७९ पासून अशा नळकांड्यांच्या प्रती त्या त्या जमातींना परत देणंही सुरू झालं.

मधली_सुट्टी
जवळजवळ नव्वद वर्षांनी. वा! म्हणजे माझ्या नातवाने अर्ज करावा.

पाणंद
टोमणे मारायचे तर मारा. मी प्रती दिल्यात.

मधली_सुट्टी
सगळ्यांना?

पाणंद
…दोघांच्या राहिल्यात. पत्ते बदलले त्यांचे.

तिरपी_तान
पत्ते बदलले म्हणे! हा प्रतिसाद जपून ठेवा कोणीतरी.

खर्ज_नाद
माझ्या मुद्द्यावरून सुरू झालं आणि मलाच कोणी विचारत नाही. असो. काल रात्री ते बालीचं ऐकलं. पहिल्या दोन वेळा डोकं उठलं. तिसऱ्यांदा लाटा ऐकू आल्या, नाही म्हणत नाही. पण त्या मला ऐकूनच कळल्या, शोधनिबंध वाचून नव्हे.

बिनतारी
आणि कशाकडे कान लावायचा, हे सांगितलं कोणी?

खर्ज_नाद
झोपा आता.