मदत हवी आहे: दादा ३८ व्या वर्षी हेवीवेटमध्ये चाललाय

मंडळी, आम्ही मालवणचे. दादा प्रोफेशनल बॉक्सर, आजवर क्रूझरवेट, म्हणजे ९०.७ किलोच्या आत. आता वजन उतरवणं झेपत नाही म्हणून शेवटच्या दोन-तीन लढती हेवीवेटमध्ये खेळणार म्हणतो. लढतीआधी पाणी तोडून बसलेला त्याला बघवत नाही, हे खरं. पण हेवीवेटला वरची मर्यादाच नाही. समोर ११० किलोचा गडी आला तर?

दादा अमेरिकन बॉक्सर रॉय जोन्सचा दाखला देतो: खालच्या वजनगटातून वर येऊन २००३ मध्ये, वय ३४, हेवीवेट विजेत्या जॉन रुईझला हरवलं. तोच परत खालच्या वजनगटात उतरला आणि २००४ मध्ये अँटोनियो टार्व्हर या बॉक्सरकडून दुसऱ्याच फेरीत आडवा झाला, हे काढलं की दादा ताटावरून उठतो.

९७-९८ किलोवर गेल्यावर पायांचा वेग कसा टिकवायचा? सध्या बांगडा, अंडी, नाचणीची भाकरी आणि पहाटे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणं चालू आहे. वाढतंय ते पोट की ताकद, कळत नाही. या वयात स्पारिंग (जोडीदारासोबत सरावाची लढत) आठवड्यातून किती करावं? आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात सरावाला कोणी जड जोडीदार आहे का? सध्या समोर मीच उभा राहतो, ६८ किलोचा.

आई म्हणता, 'पुरे झाला आता, होडी बघ.'