मदत हवी आहे: घोटा दुखत नाही, पण दगा देतो. खो-खो खेळणाऱ्या मुलीला कोणते व्यायाम द्यावेत?

नंदगडची

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली. मुलगी सतरा वर्षांची, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला. हायस्कूलपासून खो-खो खेळते. पळतीत तिचं नाव आहे, साखळीत (बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी पळत) एकदा सुरू झाली की लवकर हाताला लागत नाही.

एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या वर्षी डावा घोटा पहिल्यांदा मुरगळला. टम्म सुजला, बाहेरच्या बाजूला काळानिळा पडला. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. क्रेप बँडेज, बर्फ, आराम असं सगळं रीतसर झालं. सूज उतरली, दुखणं गेलं, पोरगी मैदानात. तिथून पुढं मात्र तोच पाय अधूनमधून बाहेरच्या अंगाला मुडपतोय. सामन्यातच असं नाही. लावणीच्या दिवसांत बांधावरून डोक्यावर रोपांची पेंढी घेऊन येताना, बसच्या पायरीवरून उतरताना, कधी तर सपाट अंगणात. दोन दिवस सूज, मग पुन्हा ठणठणीत. ती म्हणते, "दुखत नाही गे आई, पण त्या पायावर भरवसा ठेवून वळायचं धाडस होत नाही."

दाखवलं नाही असं नाही. जिथं दाखवलं तिथं दोन मिनिटांत "लिगामेंट सैल आहे, व्यायाम कर" म्हणून एक छापील कागद हातात दिला. त्यात पायाच्या अंगठ्यानं हवेत एबीसीडी काढा, टॉवेल बोटांनी गोळा करा, एवढंच. पोरगी इमानानं करते. पण हवेत एबीसीडी काढून खांबाला वळसा कसा घालता येणार, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही.

आणखी एक, कामाचं आहे का बघा. आक्रमणात चौकोनात बसते तेव्हा उजवी टाच जमिनीला टेकते, डावी अधांतरी राहते. बुटाचाही डावा सोल बाहेरच्या कडेनं जास्त झिजलाय.

घरी यंत्रं, बोर्ड काही नाही. गावात फिजिओ नाही, बेळगावला दर आठवड्याला जाणं जमण्यासारखं नाही. दसरा क्रीडा स्पर्धा तोंडावर आल्यात. घरी काय करून घ्यावं, कोणत्या क्रमानं, आणि खेळू द्यावं की नाही? शेजारी एकानं ऑपरेशनचं नाव काढलं तेव्हापासून तिचे बाबा जेवताना गप्प असतात.

निपाणीचा चढाईबाज

ताई, सेम केस. मी कबड्डी. ब्रेस (घोट्याला आधार देणारं बांधणं) लावून खेळत राहिलो, चाललं. ब्रेस नसला की पायाला विसरल्यासारखं व्हायचं. फिजिओनं एका पायावर उभं करून भिंतीवर चेंडू मारायला लावलं, तेव्हा कळलं की डाव्या पायावर मला दहा सेकंदही धड उभं राहता येत नव्हतं. मांड्या बैलासारख्या असून! तिला आधी डोळे मिटून एका पायावर उभी करून बघा. दाराच्या चौकटीजवळ करा म्हणजे पडणार नाही.

उचगाव एक्सप्रेस

हाडवैद्याकडं नेऊन एकदा घोटा बसवून घ्या वो. आमच्याकडं सगळे तिथंच जातात. तेल लावून पट्टी बांधली की काम खलास.

टिळकवाडीची फिजिओ

उचगावकर, निखळलेलं काही असेल तर बसवायचं. इथं काही निखळलेलं नाही, ताणलेलं आहे. ताज्या सुजेवर जोरात चोळणं आणि खेचणं तर कुणीच करू नये.

नंदगडच्या ताई, तुम्ही लिहिलंय तितकं नेमकं पेशंट स्वतः सांगत नाहीत. पहिली इजा होऊन वर्ष उलटलंय, पाय वारंवार मुडपतोय, मधल्या काळात 'भरवसा नाही' ही भावना आहे. याला आम्ही घोट्याची जुनाट अस्थिरता म्हणतो. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय शिक्का मारणार नाही, पण वर्णन तिकडंच बोट दाखवतंय.

होतं काय, तर चवडा खाली आणि तळवा आत वळलेला असताना वजन पडलं की बाहेरच्या घोट्याच्या पुढून जाणारा अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, आधी ताणतो किंवा फाटतो. तो थोडा सैल भरून येतो, हा एक भाग. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, आणि एक्स-रेत तो दिसत नाही. सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारी यंत्रणा मंदावते, आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूचे पेरोनियल स्नायू, ज्यांनी पाय मुडपायच्या आत त्याला बाहेर खेचून धरायचं, ते कमजोर पडतात किंवा उशिरा जागे होतात. फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्येच हे मांडलं होतं आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवले होते. म्हणून आराम केला की दुखणं जातं, पण पाय शहाणा होत नाही. त्याला पुन्हा शिकवावं लागतं.

तुमची एबीसीडीची शंका रास्त आहे. तो व्यायाम सूज असतानाच्या पहिल्या दिवसांचा. तुमची मुलगी ती इयत्ता कधीच पास झाली आहे.

घरी करता येतं का? येतं. नेदरलँड्समधल्या ५२२ खेळाडूंवरचा एक अभ्यास २००९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. घोटा नुकताच मुरगळलेले सगळे. नेहमीच्या उपचारांनंतर एका गटाला आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, घरच्या घरी, कुणाच्या देखरेखीशिवाय तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले. वर्षभरात त्यांच्यातल्या २२ टक्के लोकांचा घोटा पुन्हा मुरगळला, व्यायाम न दिलेल्या गटात ३३ टक्के. जादू नाही, पण चटईएवढ्या जागेत होणाऱ्या कामाला हे कमी नाही.

आता टाचेचं. मला तुमच्या पोस्टमधला सगळ्यात मोलाचा धागा तोच वाटला. तिला अनवाणी भिंतीकडं तोंड करून उभी करा. टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा वाकवून भिंतीला टेकवायचा. टेकला की पाऊल थोडं मागं. टाच न उचलता गुडघा जेमतेम टेकेल तिथं थांबा आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही पायांचं. आकडा कळवा, मग पुढचं सांगते.

त्याआधी एक चौकशी. सांध्यात खोल दुखणं, मध्येच अडकल्यासारखं होणं, किंवा बाहेरच्या घोट्याच्या मागं दोरी सटकल्यासारखा 'कट' आवाज, यातलं काही आहे का? असेल तर घरचे व्यायाम थांबवून आधी हाडांच्या डॉक्टरांकडं, कारण कूर्चेची इजा किंवा सटकणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) एक्स-रेत निसटू शकते.

नंदगडची

अडकणं, आवाज यातलं काही नाही. शिवणाच्या टेपनं मोजलं. उजवा ११ सेंटिमीटर, डावा साडेसहा. डाव्याला पुढच्या बाजूला, वाकते तिथं, गच्च झाल्यासारखं वाटतं म्हणते. आणि निपाणीच्या दादांचं ऐकून डोळे मिटून उभी केली. उजव्यावर आरामात, डाव्यावर लगेच चौकट धरली. तिची तीच चकित झाली.

टिळकवाडीची फिजिओ

साडेचार सेंटिमीटर हा मोठा फरक आहे. घोटा पुढं पुरेसा वाकत नाही, म्हणून चौकोनात टाच उचलते आणि 'खो' मिळताच चवड्यावरूनच उठते. चवडा खाली रोखलेली स्थिती म्हणजे घोटा मुडपायला सगळ्यात सोयीची. तेव्हा पहिलं काम तेच. भिंतीचीच चाचणी व्यायाम म्हणून करायची, रोज दोनदा, हळू, दहा-पंधरा वेळा. पोटरीचा ताण गुडघा सरळ ठेवून एकदा आणि वाकवून एकदा, अर्धा-अर्धा मिनिट. सांध्यात पुढं अडकल्यासारखं वाटतंय म्हणून एकदा तरी फिजिओकडून हातानं तो मोकळा करून घ्या. तेवढी एक बेळगावची खेप सार्थकी लागेल.

ताकदीसाठी सायकलची जुनी ट्यूब कापून घ्या. खाटेच्या पायाला बांधायची, फास पावलाच्या बाहेरच्या कडेला. पाऊल बाहेर ढकलायचं आणि परत आणताना मोजून चार सेकंद लावायचे. येताना ट्यूबनं खेचून घेतलं तर व्यायाम वाया. बारा-पंधरा वेळा, तीन फेऱ्या. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा उचलणं. दोन पायांनी वर, एका पायानं खाली, नंतर एकाच पायानं. आणि कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं. घोट्याच्या धाग्यात कंबर कुठून आली असं वाटेल, पण खुब्याच्या बाजूचे स्नायू ढिले असले की पाऊल चुकीच्या जागी पडतं.

तोल: एका पायावर तीस सेकंद, उघड्या डोळ्यांनी. जमलं की मान डावी-उजवीकडं. मग चेंडू झेलत. मग घडी घातलेल्या गोधडीवर. डोळे मिटणं शेवटी. याशिवाय फरशीवर खडूनं तीन रेघा आखा: एक समोर, दोन मागं तिरक्या, इंग्रजी वाय अक्षरासारख्या. डावा पाय मध्ये रोवून उजव्या पायानं प्रत्येक रेघेवर जमेल तितकं लांब टेकवून यायचं, वजन न टाकता. किती लांब गेलं तिथं खूण करा. मग पाय बदलून तसंच. दर आठवड्याला खूण पुढं सरकली पाहिजे. समोरच्या रेघेवर दोन पायांत चार सेंटिमीटरपेक्षा जास्त तफावत असलेल्या बास्केटबॉलपटूंना पायांच्या इजा जास्त झाल्याचं एका अभ्यासात दिसलं होतं. खो-खोला तोच आकडा लागू पडेल असं नाही, पण मोजपट्टी म्हणून चांगला.

व्यायामात थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा दुखणं वाढलेलं असेल तर एक पायरी मागं.

ऑपरेशनचं बाबांना सांगा: ते पहिलं पाऊल नाही. तीन ते सहा महिने नीट व्यायाम करूनही पाय दगा देत राहिला, तर अस्थिबंध घट्ट शिवण्याचा विचार होतो. ब्रॉस्ट्रॉम नावाची ती पद्धत १९६० च्या दशकापासूनची. पण जेवा म्हणावं.

माजी पीटी मास्तर, कडोली

फिजिओ ताईंनी पाया घातलाय, मैदानातलं मी सांगतो. उड्या आल्याशिवाय पळतीला सोडू नका. आधी दोन पायांनी पुढं उडी आणि तीन मोजेपर्यंत पुतळा. मग एका पायानं. मग जमिनीवर फुली आखून चार घरांत पुढं, मागं, बाजूला. उतरताना गुडघा आत घुसत असेल तर उडीची उंची कमी करा. आवाज ऐका, धप्पकन उतरली की समजायचं अजून तयारी नाही.

मग साखळी, निम्म्या वेगानं. इथं एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. वळायचं कुठं हे आधी माहीत असलं की सगळ्यांचेच घोटे शहाणे असतात. सामन्यात हुलकावणी ऐनवेळी असते. म्हणून धाकट्या भावंडाला समोर उभं करून ऐनवेळी डावा किंवा उजवा हात वर करायला लावा, ती त्या बाजूला वळेल. तेही जमलं की चौकोनातून 'खो'वर उठणं, टाच टेकवून बसलेली असताना. खांबाला वळसा आणि सूर सगळ्यात शेवटी. खांब धरून अंग फिरतं तेव्हा बाहेरच्या पायावर जो ताण येतो तो साध्या पळण्यात कुठंच नाही.

आपल्याकडं श्रावणातलं मैदान म्हणजे वर शेवाळ, खाली चिखल. तिथं सराव घेणाऱ्याला मी तरी शहाणा म्हणणार नाही. शाळेचा व्हरांडा बरा.

नंदगडची

सर, ताई, दोघांचे आभार. कागदावर उतरवून भिंतीला लावलंय. तालुक्याच्या फेरीचं तेवढं सांगा. तिची समजूत काढावी लागेल. सराव मातीवर अनवाणी असतो, पुढं जिल्ह्याला मॅट असते, त्यानं फरक पडतो का?

टिळकवाडीची फिजिओ

तालुका फेरी सोडा, असं माझं मत. एका पायावरची लांब उडी उजव्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आली, टाच टेकून बसता आलं, मास्तरांची हात वर करायची परीक्षा पूर्ण वेगानं झाली आणि ती स्वतः "जाते" म्हणाली, की मग सोडा. ते दोन-तीन आठवड्यांत होणार नाही. या काळात उजव्या पायाचा आणि दमाचा सराव चालू राहू दे, बाकावर बसून खेळ वाचू दे.

मॅट पकड जास्त धरते, पाय रुततो आणि अंग पुढं जातं. माती थोडी सरकू देते, पण खड्डा दाखवत नाही. म्हणून ज्यावर सामना आहे त्यावर, त्याच बुटांत, आधी सराव हवाच. खेळताना पुढचं निदान वर्षभर ब्रेस वापरा. त्यानं स्नायू कमजोर होतात ही समजूत आहे, तसं दिसलेलं नाही. घोट्याला चिकटवून बांधायची टेपही चालते, पण घाम येऊन खेळता-खेळता सैल पडते आणि दर सामन्याला नव्यानं बांधणारं कुणीतरी लागतं. अनवाणी सरावाला ब्रेस नीट बसत नाही, तिथं टेप.

नंदगडची

ब्रेस कुठला घेऊ? दुकानदार इलॅस्टिकचा मोजा दाखवतो.

टिळकवाडीची फिजिओ

तो मोजा नको, त्यानं ऊब मिळते, बाजूचा आधार फारसा नाही. लेस बांधायचा आणि वरून आठच्या आकड्यात पट्टे येणारा मागा. माप काही कंपन्या बुटाच्या नंबरवर देतात, काही घोट्याच्या घेरावर, म्हणून खोक्यावरचा तक्ता बघा. सूज नसताना, सकाळी मापा. आणि खेळाचे बूट सोबत न्या, ब्रेस घालून बूट चढत नसेल तर पैसे पाण्यात.