1919 सालचं तैलचित्र विकायचं आहे, सही अर्धीच वाचता येते

उंबरठा

नमस्कार. कोल्हापुरातल्या आमच्या वाड्यात माझ्या पणजीचं तैलचित्र आहे. वाडा आता उतरवायचा ठरलाय. आम्ही तिघं वारस, मी आणि दोन चुलतभाऊ. साडेतीन फूट उंचीचं चित्र लावायला तिघांच्याही फ्लॅटमध्ये धड भिंत नाही. पैशाचीही गरज आहे, ते लपवत नाही.

पणजी 1918 च्या मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीत गेली. चित्र त्यानंतरचं, फोटोवरून काढलेलं, एवढंच आजी सांगायची. नऊवारी, चंद्रकोर, नाकात नथ, गळ्यात कोल्हापुरी साज. नथीच्या प्रत्येक मोत्यावर पांढऱ्या रंगाचा एकेक बारीक ठिपका आहे. लहानपणी मी खुर्चीवर चढून ते मोजायचे. उजव्या कोपऱ्यात सही आहे, पण फ्रेमच्या पट्टीखाली अर्धी गेलीय. वाचता येतं ते एवढंच: 'पेंटर, कोल्हापूर 1919'.

गेल्या दिवाळीत धाकट्या भावानं कापलेल्या बटाट्यानं चित्र पुसलं. कुणीतरी त्याला तसं सांगितलं होतं. चेहरा उजळला खरा, पण पदराच्या काठाजवळ रंगाची दोन टिकल्यांएवढी खपली पडली. मला ते बघवलं नाही. जुन्या वस्तू घेणारे एक गृहस्थ येऊन वीस हजार देतो म्हणाले, रोख, कागद नको, आजच द्या. मी नाही म्हटलं. आता योग्य रीतीनं कसं विकायचं? हे कोल्हापूरचे प्रसिद्ध चित्रकार बाबुराव पेंटर यांचं असू शकेल का? कोणी जाणकार असेल तर कृपया सांगा.

जुना_कॅनव्हास

ताई, मी चित्रांच्या डागडुजीचं काम करतो. आधी बटाटा, कांदा, पाव, साबणाचं पाणी, खोबरेल हे सगळं बंद. बटाट्याचा ओलावा आणि पिष्ट रंगाच्या तड्यांत उतरतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच बुरशी धरते. पडलेली खपली सापडली असेल तर चिकटवू नका, कागदाच्या पुडीत ठेवा. विकण्याआधी चकचकीत करून घेण्याचा मोह अनेकांना होतो. जाणता गिऱ्हाईक मळलेलं चित्र घेईल, घासलेलं घेताना दहा वेळा विचार करेल.

दुसरं, हे खरंच रंगवलेलं चित्र आहे का ते बघा. त्या काळी फोटो मोठा करून त्यावर तैलरंग चढवायची पद्धत होती आणि भिंतीवर ती तसबीर हुबेहूब तैलचित्रासारखी दिसते. खोली अंधारी करा, टॉर्च एका बाजूनं चित्राला जवळजवळ समांतर धरा. कपडे आणि दागिन्यांवर रंगाचे उंचवटे आहेत पण चेहरा काचेसारखा सपाट आहे, असं दिसलं तर शंका घ्या. कडेला रंग विरळ असतो, तिथे खाली कागद आणि करडी छटा दिसते का तेही पाहा. गालाच्या कडेला, केसांच्या रेषेत कुंचल्याचे फटकारे दिसले तर निम्मी काळजी मिटली.

मग सही. सहीवरून रंगाचे तडे गेले असतील आणि अक्षरं त्या तड्यांबरोबर तुटली असतील, तर सही चित्राच्या वयाची. सहीचा रंग तड्यांच्या आत ओघळलेला दिसला तर ती मागाहून कुणीतरी घातलेली. साधं भिंग पुरतं. पण पट्टी स्वतः काढू नका, शंभर वर्षांत रंग फ्रेमला चिकटलेला असतो.

चित्राच्या पाठीचे फोटो काढा. विलायती कॅनव्हासवर रंगवाल्या कंपनीचा शिक्का असतो, फ्रेमवाल्याची चिठ्ठी असते, लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांत पाचरी असतात. सगळं पुरावा आहे. पाठीवर पेननं काहीही लिहू नका, पुढून उमटतं.

कागदोपत्री

कायद्याचं थोडक्यात सांगते. शंभर वर्षं पूर्ण झालेलं चित्र 1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यात 'पुरावशेष' ठरतं. 1919 ची तारीख खरी असेल तर तुमचं चित्र त्यात आलं. घरातली वस्तू देशातल्या देशात विकायला बंदी नाही. मात्र नोंदणी कराव्या लागणाऱ्या वस्तूंत जुनी चित्रं येतात, तेव्हा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करून मोकळ्या व्हा. नोंदणी झालेली वस्तू दुसऱ्याच्या नावे गेली की तेही कळवावं लागतं. पुरावशेषांचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. त्या वीस हजारवाल्या गृहस्थांकडे आधी परवाना मागायला हवा होता. परदेशातलं गिऱ्हाईक आलं तर सरळ नाही म्हणा, खाजगी माणसाला पुरावशेष देशाबाहेर पाठवता येत नाही.

राजा रविवर्मा, अमृता शेरगिल यांच्यासारख्या नऊ चित्रकारांच्या कामाला वयाचा विचार न करता निर्यातबंदी आहे. ती यादी वेगळी, तुमच्याशी तिचा संबंध नाही.

वाटणीपत्रात चित्राचा उल्लेख नसेल तर तिघांची लेखी संमती घ्याच. एकानं विकलं आणि दुसरा नंतर उभा राहिला, की घेणारा तुमच्या दारात येतो. कराचंही बघा. घरातलं जुनं कपाट विकलं तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, चित्राला लागतो. वडिलोपार्जित असल्यानं 1 एप्रिल 2001 ची बाजारभावाची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, वरच्या नफ्यावर 12.5 टक्के. त्यासाठी मूल्यांकनाचा कागद आत्ताच करून ठेवा.

उंबरठा

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री टॉर्च लावून पाहिलं. गालावर फटकारे आहेत! कानाजवळ तर रंग इतका जाड आहे की त्याची सावली पडते. सहीवरून एक उभा तडा गेलाय आणि 'पें'ची मात्रा त्यात तुटलीय.

आणखी एक. आजीची पत्र्याची ट्रंक उघडली. त्यात पणजीचा मूळ फोटो निघाला, पोस्टकार्डाएवढा, कडा वाळवीनं खाल्लेल्या. त्यावर पेन्सिलीनं आडव्याउभ्या रेघा मारून चौकटी पाडल्यात. चेहऱ्यावर चौकटी आणखी बारीक आहेत. मी फोटो हातात घेऊन चित्रासमोर उभी राहिले, डोळा ज्या चौकटीत पडतो तो बरोबर तिथेच.

पण फोटोत साज नाही, नुसती एक सर आहे. साज आमच्याकडे अजून आहे, मोठ्या वहिनीकडे. तो मागवून चित्राशेजारी धरला. डावीकडचं एक पान खऱ्या साजात जरा दुमडलंय, चित्रातही तेच पान दुमडलंय. म्हणजे चित्रकारानं साज समोर ठेवून रंगवला. पणजी जाऊन वर्ष झालेलं, आणि तिचा साज कुणीतरी चित्रकाराकडे नेऊन ठेवला होता. पणजोबांनीच नेला असणार. मला रात्री झोप लागली नाही.

ट्रंकेत रोजकीर्दीच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्याही आहेत, पण मोडी लिपीत.

रंकाळाकाठ

त्या वह्या जपा, चित्राइतक्याच मोलाच्या आहेत. कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडीचे जाणकार भेटतील, 1919 ची वही घेऊन जा.

बाबुरावांबद्दल मात्र घाई करू नका. ते मूळचे मेस्त्री. 'पेंटर' ही त्यांना आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांना कामावरून मिळालेली ओळख. आनंदराव 1916 मध्ये वारले, तेव्हा तारीख खरी असेल तर ते बाद. बाबुराव 1919 मध्ये आपल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या व्यापात होते, 1920 मध्ये त्यांचा 'सैरंध्री' हा सिनेमा आला. पण सिनेमात असतानाही ते चित्रकार होतेच, त्यामुळे व्यापावरून काही ठरत नाही. कोल्हापूरचेच चित्रकार आबालाल रहिमान 1931 पर्यंत होते, पण त्यांचं नाव कुणी पुढे केलं तर त्याला 'पेंटर' शब्दाचं उत्तर द्यावं लागेल. दरबाराच्या आश्रयानं इथे चित्रकारांची मोठी परंपरा उभी राहिली, त्यातल्या कितीकांची नावं मागे पडली. टाऊन हॉलच्या संग्रहालयात जाऊन जुनी कोल्हापुरी कामं जवळून पाहा, विशेषतः हात कसे रंगवलेत ते. चेहरा फोटोवरून साधतो, हातात चित्रकार उघडा पडतो.

विक्रीसाठी मुंबईतल्या सॅफ्रनआर्ट, पुंडोल्स, अस्तागुरू या लिलावगृहांना पुढचे-मागचे फोटो, माप आणि हा फोटो-साजाचा वृत्तांत पाठवा. एकाच ठिकाणी पाठवून थांबू नका. करारात तीन गोष्टी नीट वाचा: त्यांचं कमिशन किती, विमा कुणाचा, आणि विकलं गेलं नाही तर परत आणायचा खर्च कुणाचा. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचं नाही ती, लेखी ठरवा. लिलावाच्या यादीत 'अमुक यांचे' आणि 'अमुक यांचे असावे' यांत किमतीचा फार मोठा फरक असतो. नाव पक्कं नसेल तर 'कोल्हापूरचे चित्रकार' एवढंच लिहू द्या. खोटं नाव लावून मिळालेली किंमत टिकत नाही. अनोळखी बाईचं चित्र घरात लावायला लोक कचरतात, हेही मनाशी धरा. पण चौकटी पाडलेला फोटो बरोबर असलेलं चित्र मी तरी कधी पाहिलेलं नाही. ती जोडी फोडू नका.

उंबरठा

पुरालेखागारात जाऊन आले. 1919 च्या आषाढात नोंद आहे, 'पेंटर यांस तसबिरीबद्दल' साठ रुपये, दोन हप्त्यांत. पुढचं नाव लिहिलेलं नाही, पणजोबांना त्याची गरज वाटली नसेल. तेव्हा यादीत 'कोल्हापूरचे चित्रकार' एवढंच जाईल. मला ते पटलंय.

तिघांनी संमतीपत्रावर सह्या केल्या. धाकटा भाऊ बटाट्यावरून फार खजील झालाय. त्यानंच खपली पुडीत जपून ठेवली होती, ती आता मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात दाखवायची आहे. आधी ते तपासतील, मग लिलावाचं. फोटो आणि वहीच्या पानाची प्रत चित्राबरोबरच जाईल. साज घरी राहील.

एक गोष्ट राहिली होती. फोटोच्या मागे, वहीत, कुठेच पणजीचं नाव नाही, घरात तिला सगळे 'थोरल्या वहिनी'च म्हणायचे. सांगलीकडच्या एका म्हाताऱ्या आत्यांना फोन केला, त्यांनी नाव सांगितलं. चित्राच्या पाठीवर काही लिहिलं नाही. जाड कार्ड घेतलं, लाकडी चौकटीला दोऱ्यानं बांधलं, आणि त्यावर तिचं सासरचं नाव, माहेरचं नाव आणि माहेरचं गाव लिहिलं.