डब्लिनचा महापौर ओकॉनेल : खुर्ची की नुसती झूल?

कोरा_कागद :
आयर्लंडचा कॅथलिक पुढारी डॅनियल ओकॉनेल म्हटलं की कॅथलिकांना ब्रिटिश पार्लमेंटचं दार उघडणारा १८२९चा कायदा आठवतो. त्या मानाने १८४१मध्ये घेतलेलं डब्लिनचं महापौरपद मला झगा घालून फुकाचा मिरवण्याचा सोहळा वाटतो. सतराव्या शतकातल्या दुसऱ्या जेम्स राजानंतरचा पहिला कॅथलिक महापौर, मान्य. पण हातात काय आलं? पोलीस १८३६पासून सरकारच्या मुठीत, शेरीफ (कायद्याची अंमलबजावणी बघणारा अधिकारी) नेमायचा अधिकारही पालिकेला नाही. आयर्लंडचं वेगळं पार्लमेंट परत मिळवायची चळवळ मात्र त्या वर्षात मंदावली.

पोटमाळा :
अहो, ही तीच पालिका जिला त्याने पूर्वी 'भिकारडी' म्हटलं होतं! त्यावरून डेस्टेर नावाच्या सभासदाने त्याला द्वंद्वाला बोलावलं आणि फेब्रुवारी १८१५मध्ये ओकॉनेलच्या गोळीने जीव गमावला. तिथेच अध्यक्ष म्हणून बसणं हे मिरवणं कसं? आणि झग्याचं म्हणाल तर १८२९च्या कायद्यातच मेख होती : पदाचा झगा घालून कॅथलिक चर्चमध्ये गेलात तर पद जाणार, वर शंभर पौंड दंड. सरकारलाच झग्याची एवढी धास्ती होती.

कोरा_कागद :
झग्याने पोट भरत नाही. १८२८मध्ये आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातून त्याला पार्लमेंटवर निवडून दिलं ते चाळीस शिलिंगवाल्या, म्हणजे वर्षाला तेवढ्या मोलाच्या जमिनीवर मताचा हक्क मिळालेल्या कुळांनी. पुढच्याच वर्षी त्यांचं मत काढून घेतलं गेलं, आणि याने ते चालवून घेतलं. डब्लिनच्या कामगार संघटनांशीही त्याचं वाकडंच.

तिसरी_घंटा :
कुळं आणि कामगार, दोन्ही मुद्दे बिनतोड. पण चळवळ मंदावली ती कायमची नव्हे. महापौरपद सोडल्यावर फेब्रुवारी १८४३मध्ये त्याने पालिकेच्याच सभागृहात वेगळ्या पार्लमेंटचा ठराव मांडला. विरोधात आयझॅक बटसारखा वकील. तीन दिवस खणाखणी झाली आणि ठराव ४१ विरुद्ध १५ मतांनी पास! त्या वर्षीच्या विराट सभांना जोर आला तो त्यानंतर.

कोरा_कागद :
आणि ऑक्टोबरमध्ये सरकारने बंदी घालताच डब्लिनजवळच्या क्लॉन्टार्फची सभा मुकाट रद्द. ठरावाचं काय लोणचं घालायचं?

पोटमाळा :
सैन्य आणून ठेवलं होतं तिथे. माणसं मरू दिली नाहीत, हा दोष? बरं, त्याच्यानंतर महापौर कोण झाला? जॉर्ज रो, प्रॉटेस्टंट. दीडशे वर्षं ज्यांनी कॅथलिकांना उंबऱ्याबाहेर ठेवलं त्यांच्याशी पद आळीपाळीने वाटून घ्यायचं ठरलं होतं. बहुमत हातात असताना असं करणारे किती दाखवाल?