शिळी भाकरी, वाकळ आणि पॅसेंजर: तुमच्या घरातलं स्वस्तातलं सुख सांगा

शहापूर, बेळगाव

परवा सकाळी दूध नासलं. दीड लिटर. आदल्या रात्री वीज गेली आणि त्या गडबडीत पातेलं ओट्यावरच राहिलं. आई जाऊन सहा वर्षं झाली, तरी नासलेलं दूध मोरीत ओतायला माझा हात धजत नाही. ती करायची तसंच केलं. जाड बुडाच्या कढईत ओतून मंद आचेवर ठेवलं आणि उलथन्यानं तळ खरवडत बसलो. पाणी आटायला पाऊण तास गेला. मग निम्मी साखर तशीच घातली आणि निम्मी लोखंडी पळीत तपकिरी होईपर्यंत वितळवून वरून सोडली. चर्र झालं, फेस चढला, आणि पांढऱ्या चोथ्याला बघता बघता कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, रंग आला. दाणाही तसाच. दुकानातल्या कुंद्याला खवा लागतो, चांगलं दूध तासन्‌तास आटवावं लागतं, त्याची सर याला नाही; पण वास तोच. तो जिन्यात गेला आणि शेजारच्या अक्का दारात आल्या, "कुंदा माडीरेन्री?" (कुंदा केलात काय?) असं कन्नडमध्ये म्हणत. वाटी भरून दिली. संध्याकाळी तीच वाटी शेंगाचटणीनं भरून परत आली. वाटी रिकामी परत करायची नाही, ही रीत त्यांची आणि आमची एकच.

तेव्हापासून मनात आहे की अशा गोष्टी एका जागी याव्यात. खाणं, घरातलं जनावर, जवळचा प्रवास, जुन्याचं नवं, काहीही चालेल. एकच गोष्ट सांगा, पण कशी केली ते नीट सांगा, म्हणजे दुसऱ्याला करून बघता येईल.

वडगाव

मग मी वाकळीचं सांगते. गोधडीला आमच्या घरी वाकळ म्हणतात, समोरच्या घरी कौदी.

सासरे मागावर होते. माग विकून बारा वर्षं झाली, पण गल्लीत अजून दोन घरांतून खटखट ऐकू येते, आणि ती थांबली की मला चुकल्यासारखं होतं. यंदा लेकीला दिवस गेले तेव्हा सासूबाईंची चार सुती लुगडी ट्रंकेतून काढली. त्यांच्या अंगावर विरलेली, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. दोन लुगडी वरखाली, मध्ये सासऱ्यांची जुनी धोतरं. जमिनीवर अंथरून चारी कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे ठेवले, नाहीतर कापड सरकतं. सुरुवात कडेनं करायची आणि फिरत फिरत आत यायचं. मधूनच टाके घालायला बसलं की कापडाला फुगे येतात, हे मी पहिल्या वाकळीत शिकले. दोरा विकत आणला नाही. माग विकला तेव्हाच्या सुताच्या कांड्या माळ्यावर होत्या, तेच सूत दुपदरी करून घेतलं. टाका तांदळाएवढा असावा असं सासूबाई म्हणायच्या.

दीड महिना लागला. रोज दुपारी भांडी झाली की तासभर. समोरच्या निंगव्वा मावशी येऊन दुसऱ्या टोकाला बसायच्या. त्यांचा टाका माझ्यापेक्षा बारीक. सासूबाईंचा एक नेम होता, तो मी मोडला नाही. शेवटचा वीतभर भाग शिवायचा राहिला की आत भाकरीचा कोरका ठेवायचा आणि मग तोंड शिवायचं. वाकळ उपाशी राहू नये, पांघरणारं उपाशी राहू नये.

आता नातू तिच्यावर झोपतो. सासूबाईंनी त्याला पाहिलं नाही. पण त्यांच्या हिरव्या लुगड्याचा काठ बरोबर त्याच्या गालाखाली येतो.

खानापूर

वडगावच्या ताई, वाचून डोळे भरून आले. आमच्या खानापूर-हल्याळच्या रानात सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या, बायका शिवतात त्याला कवंदी म्हणतात. टाके तुमच्यासारखेच कडेनं आत येणारे, पण चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची तिकोनी फुलं लावतात. फुलं नसलेली कवंदी त्या उघडी-नागडी समजतात. पुढची शिवाल तेव्हा कोपरे सोडू नका.

माझं सुख मडक्याचं. खानापूरच्या मातीची भांडी आणि कौलं सगळीकडं जातात, तरी गावातच कित्येक घरी आता दही स्टीलच्या डब्यात लागतं. नवीन मडकं आणलं की एक रात्र पाण्यात बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी तांदळाची पेज भरून चुलीवर किंवा गॅसवर अगदी बारीक आचेवर तापवा, तशीच थंड होऊ द्या आणि मग ओता. बारीक छिद्रं बुजतात, मातीचा कच्चा वास जातो. अशा मडक्यातलं दही सुरीनं कापावं इतकं घट्ट होतं, कारण जास्तीचं पाणी माती पिऊन घेते. फुटलं तरी टाकत नाही. बुडाच्या खापरीवर जिरं आणि कारळं भाजतो, गळ्याचा भाग उलटा करून पुदिन्याच्या रोपाला आळं.

येळ्ळूर

थोडक्यात सांगतो. येळ्ळूर, शहापूर, अनगोळच्या शिवारातल्या बासमतीचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण भाव ऐकून शहरातली माणसं मागं सरतात. गिरणीत जाऊन कण्या मागा. दाणा मोडला म्हणून वास मोडत नाही. जुन्या तांदळाच्या कण्या, चौपट पाणी, मीठ, वरून ताक आणि लसणाची फोडणी. तापात, पावसात, पोरं परीक्षेला बसलेली असताना आमच्या घरी हेच. शिजत असलं की रस्त्यानं जाणारा विचारतो, "काय गा, पाहुणं आल्यात काय?"

रायबाग तालुका

आमच्या मळ्यावर मुधोळचा कुत्रा आहे. वडिलांनी दोन वर्षांपूर्वी तिकडूनच पिल्लू आणलं, नाव वारू. मुधोळ बागलकोट जिल्ह्यात, आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या घोरपडे राजांनी ही जात सांभाळली, वाढवली. 2005 साली तिच्यावर टपालाचं तिकीट निघालं, आणि पुढं सैन्यानंही हे कुत्रे घेतले. हे सगळं मला वारू आल्यावर कळलं. त्याआधी आम्हाला कुत्रा म्हणजे राखणीचा.

पाहुणे त्याला बघून म्हणतात, खायला घालत नाही काय रे, बरगड्या मोजता येतात. त्याची घडणच तशी. छाती खोल, पोट आत ओढलेलं, पाय लांब, अंगावर केस आखूड. लठ्ठ झाला तर त्याचेच हाल. सकाळी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, संध्याकाळी मक्याच्या शिजवलेल्या कण्या, आठवड्यातून दोनदा अंडं. विकतचं खाणं आम्ही एकदाही आणलेलं नाही. पण त्याला पळायला रान पाहिजे. अपार्टमेंटमध्ये ही जात नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बांधून ठेवला तर तो आतून मिटत जातो.

ऊस गेला की फड मोकळा होतो, तेव्हा पहाटे त्याला सोडतो. पहिल्या दहा पावलांत तो साधा कुत्रा असतो, नंतर दिसतच नाही, फक्त पाचट उडताना दिसतं. बांधाला वळसा घालून परत येतो आणि माझ्या तळहातावर नाक टेकवून उभा राहतो. ओलं, थंड नाक. धाप लागलेली, पण आवाज नाही.

आई सोवळ्यातली. कुत्रं उंबऱ्याच्या आत येणार नाही हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गेल्या आषाढात तीन दिवस झड लागली. मध्यरात्री कसला आवाज आला म्हणून उठलो तर आई कंदील घेऊन सोप्यात बसलेली, पोत्यावर जुनं लुगडं टाकलेलं, त्यावर वारू, आणि आई त्याचे कान पुसत होती. मी परत जाऊन झोपलो. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. पोतं अजून सोप्यातच आहे.

निपाणी

आमची आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. सकाळी सहाला निघायची, त्यामुळं रात्रीच दोन भाकऱ्या जास्त थापायची. आम्हा भावंडांचा नाष्टा म्हणजे त्या शिळ्या भाकरीचा कुस्करा. मोठा भाऊ कुस्करायचा, मी कांदा चिरायची. तेल, मोहरी, कांदा, हिरवी मिरची, मूठभर शेंगदाणे, आणि भाकरी घालायच्या आधी दह्याचा हबका मारून ती दहा मिनिटं झाकून ठेवायची. ती पायरी चुकवली तर घास घशात अडकतो. आज घरी सगळं आहे. तरी रविवारी माझी मुलं मुद्दाम सांगतात, आई, रात्री भाकरी जास्त टाक.

बेळगाव, टिळकवाडी

बहीण मिरजेला. बसनं लवकर पोचतो, पण मी पॅसेंजरच धरतो. लहानपणी ही लाइन मीटरगेज होती, तेव्हापासूनची सवय.

सुळेभावी, पाच्छापूर, गोकाक रोड, घटप्रभा. बेळगावात मराठीत सुरू झालेल्या गप्पा घटप्रभेपर्यंत कन्नड झालेल्या असतात आणि शेडबाळच्या पुढं परत मराठी. बोलणारी माणसं बऱ्याचदा तीच. शेंगा विकणारा दोन्हीतून भाव सांगतो. माघात चिंचलीला मायाक्काची जत्रा असते, तेव्हा डब्यात भंडाऱ्यानं कपाळं पिवळी झालेली माणसं चढतात, आणि कुणीतरी फडक्यातली पुरणपोळी काढून तुकडा पुढं करतंच. नाही म्हणायचं नसतं.

कुडची सुटलं की मी दाराशी जाऊन उभा राहतो. कृष्णेचा पूल. गाडीचा आवाज बदलतो, पोकळ होतो. म्हाताऱ्या बायका हात जोडतात, पोरं पैसे टाकतात. बायकोनं दिलेली भाकरी-झुणक्याची वडी मी पूल गेल्यावरच सोडतो. इतक्या वर्षांत त्या आधी भूक लागल्याचं आठवत नाही.

संकेश्वर

चटणीचा दिवस. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडं लाल तिखटाला चटणी म्हणतात. रंगाला ब्याडगी, तिखटाला आमची संकेश्वरी. आमच्या घरचं माप दोनास एक. देठ काढायला चार घरच्या बायका एकत्र बसतो, मग कांडपाला. खोबरं, तीळ, धने, कांदा, लसूण भाजताना गल्लीभर शिंका. सगळं बरणीत भरून झालं की परातीला लागलेली चटणी धुवायची नाही. गरम भात टाकायचा, कच्चं तेल, मीठ, आणि परात पुसून काढायची. सगळ्यांनी त्याच परातीत बसून खायचं. वर्षाची चटणी करायचे कष्ट मी त्या चार घासांसाठी करते.

बैलहोंगल रस्ता

सासूबाई बहात्तर वर्षांच्या. माहेर आणि सासर सोडून कुठं गेल्या नव्हत्या. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसमधून फुकट प्रवास सुरू झाला. त्या महिन्यातच मी त्यांना म्हटलं, चला. आधार कार्ड दाखवलं, कंडक्टरनं शून्याचं तिकीट फाडलं. ते तिकीट त्यांनी घडी करून बटव्यात ठेवलं, अजून आहे.

सवदत्तीला यल्लम्माचं दर्शन झालं, मग नविलुतीर्थाच्या धरणावर नेलं. मलप्रभेचं एवढं पाणी बघून त्या विचारायला लागल्या, हे येतं कुठनं? मी सांगितलं, कणकुंबीहून, खानापूरच्या रानातनं. श्रावणात परत दोघी निघालो आणि थेट कणकुंबी गाठलं. धो धो पाऊस. जिथं नदी उगम पावते तिथं देवळाजवळच्या कुंडात त्यांनी हात घातला आणि म्हणाल्या, "एवढीशीच आहे की गं!" जाऊन-येऊन आमचा खर्च दोन चहा आणि एक प्लेट मिरची भजी.

गोकाक

करदंटाबद्दल, आमच्या गोकाकच्या डिंकाच्या मिठाईबद्दल, कुणीच लिहिलं नाही म्हणून मी. कन्नडमध्ये करिद म्हणजे तळलेलं, अंटु म्हणजे डिंक, त्यावरून नाव. आमच्याकडं बाळंतिणीला द्यायची पद्धत. घरी करताना काजू-बदाम कमी घालून खोबरं आणि खारीक वाढवा, गूळ चांगला घ्या. डिंक मात्र तुपात पूर्ण फुलला पाहिजे, आत कडक राहिला तर दाताला चिकटतो.

बेळगाव, अनगोळ

गेल्या महिन्यात मुलीचं लग्न झालं. मांडे घरीच करवून घेतले. करणाऱ्या बाई कणीक हातावर खेळवत खेळवत एवढी पातळ करायच्या की पलीकडची चूल दिसायची, मग उलट्या कढईवर टाकून, पिठीसाखर पसरून, गरम असतानाच घडी. थंड झाल्यावर घडी पडत नाही, मोडतो. मुलगी लहानपणापासून मांडा दुधात चुरून खायची, तसाच, दुसरं काही नको. लग्नाच्या दिवशी तिला बसून खायला मिळालं नाही.

तिसऱ्या दिवशी पाहुणे गेले, घर रिकामं झालं. डब्यात एकच मांडा उरला होता. बायको म्हणाली, तुम्ही खा. मी म्हटलं, तू खा. शेवटी डब्याला झाकण लावलं. मांडा आठवडाभर चांगला राहतो, आणि मांडवपरतणी रविवारी होती. शनिवारी रात्री मी अर्धा लिटर दूध जास्त सांगून आलो.